कापलेला कोपरा

गणपती दोन दिवसांवर आले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात मांडवाचे बांबू ठोकायचे आवाज सकाळपासून चालू होते आणि मी ऑफिसात, म्हणजे बाबांच्या जुन्या स्टुडिओत, पंख्याखाली बसून शेवउसळीच्या तरीचा जाळ पाण्याने विझवत होते. तेवढ्यात मेल आला. इंग्रजीत, अतिशय सभ्य. तुमच्या ग्राहकाच्या पानावर आमच्या छायाचित्रकाराचा फोटो परवान्याशिवाय वापरलेला आढळला. परवाना असेल तर पाठवा, नसेल तर सोबतची रक्कम चौदा दिवसांत भरा. आधी वाटलं, हा फसवणुकीचाच असणार, वीज कापण्याच्या धमक्यांचे रोज येतात तसला. मग जोडलेलं चित्र उघडलं. फरसाणवाल्या काकांच्या दुकानासाठी मी तीन दिवाळ्यांपूर्वी केलेली शुभेच्छा. अंधारात एक हात, बोटांच्या टोकांवर पणतीचा केशरी उजेड, खाली ‘शुभ दीपावली’ आणि दुकानाचं नाव. हाताभोवती कोणीतरी लाल चौकोन काढला होता, शाळेत बाई चुकलेल्या शब्दाभोवती काढायच्या तसा. आणि चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नीट मोठं करून पाहिलं तर, एका पांढुरक्या तिरक्या अक्षराचं शेपूट दिसत होतं.

ते शेपूट मी ओळखलं. बाकीचं अक्षर मीच कापलं होतं.

काकांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मागे तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज आला, आणि मग ते म्हणाले, “पण बेन, ए तो गूगल पर हतो ने?” गूगलवरच होता ना तो. या वाक्यावर मी रागवायला हवं होतं, पण रागवणार कोणत्या तोंडाने? मी फोटो उचलला तेव्हा माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. गूगल म्हणजे कमाटीबागेतलं, सगळ्यांच्या बागेतलं, आंब्याचं झाड. खाली पडलेली कैरी कोणाची, हे कोण विचारतं? वकील मैत्रिणीच्या मदतीने पत्रापत्री झाली, रक्कम निम्म्याहून खाली आली, २८,००० रुपयांवर मिटलं. त्यातले दहा हजार काका देतो म्हणाले, मी घेतले नाहीत. पैशांचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. दोन महिन्यांचं माझ्या हाताखालच्या मुलीचं पगाराचं गणित कोलमडलं. पण रात्री गादीवर पडल्यावर डोळ्यांसमोर येत होतं ते अक्षराचं शेपूट. कारण तो कोपरा कापताना माझा हात जराही अडखळला नव्हता, हे मला लख्ख आठवत होतं. उलट ‘बसला बरोबर चौकटीत’ म्हणून समाधान वाटलं होतं.

आमच्या जाहिरातींच्या धंद्यात चोरी हा शब्द कोणी वापरत नाही. आम्ही ‘उचलतो’. ‘रेफरन्स घेतो’. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याची जाहिरात पाठवतो आणि खाली लिहितो, ‘आवूं ज कंईक’, असंच काहीतरी. त्या ‘असंच’मध्ये फोटो, अक्षराचं वळण, रंग, कधी कधी मजकूरही येतो. आणि एक गैरसमज तर इतका रुजलाय की मीही वर्षानुवर्षं त्यावर जगले. फोटोंच्या बाजारात ‘रॉयल्टी फ्री’ असं लिहिलेलं असतं आणि आपण त्यातला फक्त ‘फ्री’ वाचतो. त्याचा अर्थ एवढाच, की एकदा परवान्याचे पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत. पहिल्यांदा भरायचेच असतात. घर भाड्याने घेतलं आणि दर वेळी दार उघडताना मालकाला पैसे द्यावे लागले नाहीत, म्हणून घर काही फुकट होत नाही.

बाबांना हे सांगायची गरज पडली नसती.

बाबांचा स्टुडिओ म्हणजे ही खोली आणि मागची अंधारखोली. तिथे आता प्रिंटर आणि चहाची शेगडी आहे, तरी पावसाळ्यात भिंतीला ओल आली की हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, तो आंबट, नाकात चढणारा वास अजून सुटतो. लहानपणी लाल दिव्याखाली मी स्टुलावर उभी राहायचे आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी भुवया, मग डोळ्यांची बुबुळं, मग मिशा अशा क्रमाने माणूस उगवताना पाहायचे. गोरा रंग सगळ्यात शेवटी. वाळलेल्या कॉप्या कापून झाल्या की बाबा खणातून चिमटा काढत. लोखंडी, पकडीसारखा, दाताच्या डॉक्टरकडे शोभेल असा. फोटोचा उजवा खालचा कोपरा त्यात धरून कचकन दाबायचा. कागदावर बिनरंगाची, नुसतीच उठावदार अक्षरं उमटत: स्टुडिओचं नाव आणि ‘बडोदे’. बोट फिरवलं तर कळायची, उजेडाला तिरका धरला तर दिसायची. शाई नाही, डाग नाही. “फोटो त्यांचा आहे,” बाबा म्हणायचे, “पण काढला कोणी हे बोटाला लागलं पाहिजे.”

निगेटिव्ह मात्र कोणाला द्यायचे नाहीत. लांबट वहीत प्रत्येकाचा नंबर, नाव, तारीख, किती कॉप्या, कोणत्या साइझच्या. बटर पेपरच्या पाकिटावर तोच नंबर. मुलीचं लग्न मोडलं म्हणून एक गृहस्थ तिच्या ‘दाखवायच्या’ फोटोचं निगेटिव्ह मागायला आले होते, ते मला आठवतंय. बाबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि निगेटिव्ह दिलं नाही. त्यांच्यासमोर कात्रीने दोन तुकडे केले आणि वहीत त्या नंबरापुढे लिहिलं, ‘रद्द, पालकांच्या सांगण्यावरून’. खाली त्या गृहस्थांची सही घेतली. तेव्हा मला बाबा दुष्ट वाटले होते. आता वाटतं, त्या दिवशी त्या एका ओळीत जेवढा विचार होता तेवढा आमच्या अख्ख्या सर्व्हरवर नाही.

मजा अशी, की कायद्याने बाबा चूक होते. वकील मैत्रिणीने हे मला न्यायमंदिरासमोर, सुरसागर तळ्याच्या कठड्यावर बसून सांगितलं. कोर्ट तिथून दिवाळीपुऱ्याला गेलं तरी तिला चहा तिथलाच लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. वेगळं काही ठरलेलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे पासपोर्ट फोटोला बसलेला प्रत्येक भिडू बाबांच्या वहीतल्या आपल्या नंबराचा मालक होता. सेल्युलॉइडची ती पट्टी बाबांची, तीवरच्या चेहऱ्याचे हक्क त्याचे. “आणि पावतीच्या मागे छापलं होतं की, ‘निगेटिव्ह स्टुडिओकडे राहील’, त्याचं काय?” मी जराशी तणतणून विचारलं. ती हसली. म्हणाली, पट्टी राहील. हक्कांबद्दल एक अक्षर आहे का त्यात? मी गप्प बसले. तीस वर्षं एक माणूस एका वाक्यावर उभा होता आणि ते वाक्य दुसऱ्याच गोष्टीचं निघालं. गंमत वाटली आणि पोटात कुठेतरी कसंसंही झालं.

पण एका फोटोच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते. आमच्या गल्लीत एक म्हातारे पखवाजवादक राहायचे. रोज सकाळी ओट्यावर बसून पखवाजाला कणीक लावायचे. बाबांनी त्यांचा फोटो काढला तो कोणी सांगितलं म्हणून नाही, पैसे घेऊन तर नाहीच. सकाळची तिरकी उन्हं, कणकेने पांढरी झालेली बोटं, आणि चेहरा अर्धा सावलीत. तो फोटो स्टुडिओच्या काचेच्या खिडकीत कित्येक वर्षं होता. १९८८ च्या जानेवारीत कोणीतरी एक कॅलेंडर आणून दिलं, शहरातल्याच एका व्यापाऱ्याने छापलेलं. वर तेच म्हातारे, तीच उन्हं. फोटो कुठल्या तरी कॉपीवरून पुन्हा उतरवला होता, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर, जिथे चिमट्याची खूण असायची, तिथे तारखांचा ठोकळा आणून बसवला होता. बाबा भांडायला गेले नाहीत. वकीलही केला नाही. त्यांनी ते कॅलेंडर स्टुडिओत, गिऱ्हाईक बसायचं त्या बाकासमोर टांगलं, मग खणातून चिमटा काढला आणि तारखांच्या ठोकळ्याच्या कोपऱ्यात, ३१ या आकड्यावर, कचकन दाबला. दर महिन्याला पान फाडलं की नव्या पानावर पुन्हा. बारा वेळा. आई म्हणायची, “पुरे की आता, कोण बघतंय.” कोणी बघत नव्हतं हे खरंच होतं.

या फोटोचे हक्क वारशाने आज माझ्याकडे आहेत. फोटो काढणारा गेल्यावर साठ वर्षं ते टिकतात. आणि त्याच खोलीत, त्या कॅलेंडराचा खिळा अजून भिंतीत असताना, मी कोणा अनोळखी माणसाचा कोपरा कापला होता. मैत्रिणीने हेही सांगितलं, की २०१२ च्या दुरुस्तीत एक नवीन कलम आलं आहे, ६५-बी: कामाचा कर्ता कोण, मालक कोण, ही त्यावरची ओळख जाणूनबुजून काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच्या आधीपासूनचं कलम ५७ आहेच. काम विकून टाकलं तरी कर्त्याचं नाव आणि कामाची अब्रू विकली जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगलांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं, तेव्हा ते कोर्टात गेले. शिल्प सरकारने विकत घेतलेलं, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल शिल्पकाराच्या बाजूने दिला. बाबांना हे माहीत असतं तर त्यांनी काय केलं असतं? बहुतेक चिमटाच दाबला असता.

कॅलेंडरावरून रविवर्मा आठवतोच, बडोद्याच्या माणसाला तर जास्तच. सयाजीरावांनी त्याला इथे बोलावून पुराणातल्या प्रसंगांची चित्रं काढून घेतली, ती पाहायला गर्दी लोटली. एवढी मागणी एका हाताने पुरी व्हायची नाही, चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढा, असा सल्ला त्याला दिवाण माधवरावांनी फार आधी दिला होता. पुढे १८९४ मध्ये त्याने मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, तो तोट्यात गेला, आणि विकताना छापखान्याबरोबर चित्रं छापायचे हक्कही जर्मन तंत्रज्ञाकडे गेले. मग लक्ष्मी-सरस्वती कापडाच्या ताग्यांच्या लेबलांवर, कॅलेंडरांवर, देव्हाऱ्यांत पोचल्या. फत्तेसिंह संग्रहालयात मूळ सरस्वतीसमोर उभी राहिले की मला दर वेळी वाटतं, ही बाई आपल्याकडे दमलेल्या नजरेनं बघतेय. किती ठिकाणी बसवलंत मला. १९०६ मध्ये रविवर्मा गेला. आता त्या चित्रांवर कोणाचाच हक्क नाही, कोणीही छापावं. याचं मला बरं वाटतं की वाईट, हे अजून ठरत नाही. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी तशीच कोणीतरी विचारल्याशिवाय छापलेली असणार, आणि आजीने जन्मभर हात जोडले ते तिलाच.

नोटिशीनंतर तीन रात्री बसून मी काकांच्या दुकानाचं सगळं दप्तर उपसलं. फोटो, अक्षरं, चित्रं, आवाज. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हे कुठून आलं? नव्वद टक्के ठिकाणी उत्तर होतं, ‘आठवत नाही’. लीलो चेवड्याच्या पाकिटावरचा हिरव्या मिरच्यांचा फोटो विकत घेतलेला निघाला, मला हायसं वाटलं. मग परवाना वाचला. परवाना साधा होता, आणि अशा परवान्यांना बरेचदा पाच लाख प्रतींची मर्यादा असते. काकांना विचारलं, पाकिटं किती छापली आजवर? ते म्हणाले, मोजली कोणी. एक फोटो बातमीपुरता वापरायचा, ‘एडिटोरियल’ शिक्क्याचा, म्हणजे जाहिरातीत मुळीच चालत नाही. त्यात गर्दीतले चेहरे होते आणि त्यातल्या कोणाचीच संमती घेतलेली नव्हती. दुकानाच्या पाटीवरच्या जुन्या फाँटची परवान्याची पावती कोणाकडेच नाही. तो मी त्याच रात्री बदलून ‘मुक्त’ घातला, तो मोकळ्या परवान्याखाली आहे, धंद्यालाही चालतो. देवनागरीत असे चांगले फाँट फुकट मिळतात आणि तरी लोक चोरीचे वापरतात, याला काय म्हणावं.

सगळ्यात जास्त लाज वाटली ती डब्यावरच्या चित्राची. मांडवीचा दरवाजा, समोर टोपली घेतलेली बाई. फाइन आर्ट्सच्या एका मुलीने काढलेलं, तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. करार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर माझा एक अंगठा आणि तिचं ‘ओके दीदी’. चार हजार रुपये. कलम १९ मला आता पाठ झालंय: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि काकांचे डबे गेली दोन वर्षं न्यू जर्सीला जाताहेत. म्हणजे माझ्याकडे ना कागद, ना मुदत, ना न्यू जर्सी. मी तिला फोन केला. ती आता बंगळूरला असते. बराच वेळ ती बोललीच नाही, मग म्हणाली, “दीदी, तो डबा माझ्या आईने जपून ठेवलाय. पण त्यावर माझं नाव नाही, म्हणून कोणाला पटत नाही मी काढलाय ते.” पैशांचं तिने शेवटी विचारलं, तेही अडखळत. नवा करार केला, दर वर्षाची रक्कम ठरवली, आणि डब्याच्या तळाशी, बारकोडच्या शेजारी, तिचं नाव आलं. काका कुरकुरले. डब्यावर दुकानाच्या नावाखेरीज दुसरं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग तिचे वडील मांडवीतले निघाले, आणि काका विरघळले. कायद्याने जे पटलं नाही ते गल्लीने पटवलं.

यानंतर काकांनाही चेव चढला. रोज एक कल्पना. डब्यावर काळा घोडा, सयाजीरावांचा तो पुतळा, घेऊ? म्हटलं, घ्या; उघड्यावर कायमच्या उभ्या पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायला कायदा आडवा येत नाही, फक्त फोटो आपणच काढू. मग कीर्तिमंदिरातली चित्रं? इथे मी थांबवलं. ती सूट शिल्पाला आणि इमारतीला आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. ती चित्रं नंदलाल बोसांची, ते गेले १९६६ मध्ये. चित्रकार गेल्यावर साठ वर्षं, म्हणजे २०२६ संपेपर्यंत मुदत. पूर्वी पन्नास होती, रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा वाढवून साठ केली. काका बोटांवर मोजत म्हणाले, “एटले आपण मरेपर्यंत थांबायचं नाही ना?” गायकवाडांच्या स्मृतीच्या जागेतली चित्रं शेवेच्या डब्यावर शोभतील का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. त्याला कलम नाही.

आरतीचा किस्सा याच सुमाराचा. गणपतीत दुकानासाठी रील केली: मोदक, फुलं, समई, आणि मागे आरती. टाकल्यावर अर्ध्या तासात आवाज बंद झाला. मुकी आरती. काकांचा तर विश्वासच बसेना. समर्थ रामदासांनी लिहिलेली, साडेतीनशे वर्षांपूर्वीची; तिचा मालक कोण? शब्दांचा कोणी नाही, हे बरोबर. पण आपण लावली होती ती एका प्रसिद्ध गायिकेची ध्वनिमुद्रिका, आणि तिच्यात शब्दांवर चालीचा, चालीवर आवाजाचा, आणि सगळ्यावर ध्वनिमुद्रणाचा असे थर असतात. मुद्रणाचा थर स्वतःची साठ वर्षं जगतो. वरातीत वाजवा, लग्नात वाजवा, कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे, २०२३ मध्ये सरकारने ते पुन्हा स्पष्टही केलं. शेवेच्या पाकिटामागे वाजली की ती आरती राहत नाही, जाहिरात होते. खाजगी खात्यावर जी गाणी भरभरून मिळतात ती धंद्याच्या खात्याला मिळत नाहीत, त्याचं कारणही तेच. तिथे आपल्याला देतात ती अनोळखी धुनांची पेटी, लिफ्टमध्ये वाजतात तसली.

मग आम्हीच म्हटली. बाजवाड्यातल्या आमच्या वाड्याच्या चौकात, रात्री साडेनऊला, समोरच्या मंडळाचा भोंगा बंद झाल्यावर. झांजा दोन, ढोलकी एक, घंटा एक, आणि माणसं वीसेक. पहिल्या खेपेला सगळे फार शहाण्यासारखं गायले, ती टाकून दिली. दुसऱ्या खेपेला कोणीतरी वरच्या मजल्यावरून सूर लावला, एका लहान मुलाने टाळी चुकीच्या जागी वाजवली आणि तीच चांगली आली. मी संमतीचे कागद छापून नेले होते, गाणाऱ्याचाही स्वतःच्या गाण्यावर हक्क असतो म्हणून. मुलांच्या आयांनी न वाचता सह्या ठोकल्या. ढोलकीवाल्या पोराने विचारलं, “पैसे मिळणार?” म्हटलं, मिळणार. तो इतका चकित झाला की त्याची सही वाकडी आली. शेजारच्या काकूंनी मात्र कागदाची घडी घालून पदराला लावली. “हे काय, वाड्याचा माझा हिस्सा नावावर करून घेतेस का? ठेव, उद्या वाचून देते.” काकूंनी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यांनी कधीच काही न वाचता दिलेलं नाही, आहेराची पाकिटंसुद्धा.

त्याच आठवड्यात मी एक वही घातली. बाबांच्या वहीसारखी लांबट, लाल पुठ्ठ्याची, खडिया पोळातल्या दुकानातून आणलेली. संगणकात तक्ता करता आला असता, केलाही आहे, पण हाताने लिहिताना जे टोचतं ते टोचावं म्हणून वही. रकाने: नंबर, काय आहे, कोणाचं, कोणाच्या सहीने, कशासाठी, कुठे, कधीपर्यंत. शेवटी एक रुंद रकाना ‘शेरा’. पहिल्या नंबरावर तो पणतीचा हात लिहिला. कोणाचा, तर मेलमध्ये नाव होतं, ते लिहिलं. त्या माणसाला मी एक वेगळा मेलही केला होता, कंपनीला नाही, त्याला. उत्तर आलं नाही, येईल असंही नाही. ‘कधीपर्यंत’मध्ये ‘काढून टाकला’. शेऱ्यात काय लिहावं हे सुचेना. पेन धरून बसले, मग लिहिलं: ‘कोपरा मी कापला.’

नवरात्र गेलं. काकांना दिवाळीची नवी पोस्ट हवी होती आणि, गंमत म्हणजे, तशीच. “पेलो हाथ बहु सरस हतो,” ते म्हणाले. तो हात फार छान होता. तर मग हात शोधायला हवा होता. माझा चालेना, नखं कीबोर्डवर झिजलेली. हाताखालच्या मुलीचा फार कोवळा दिसला. शेवटी काकूंना म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो, दिवे विझवले, त्यांनी पणतीत तेल घालून वात दोन बोटांनी पिळली, आणि मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर बोटांच्या पेरांवर वर्षानुवर्षं नोटा मोजून पडलेली ती चकाकी केशरी उजेडात उठून आली होती. सोळा फोटो काढले. सोळावा चांगला आला, वात जराशी फडफडली तो.

काकूंनी चष्मा लावला आणि कागद मागितला. या वेळी त्या उद्यावर गेल्या नाहीत. बल्बखाली उभं राहून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. “ ‘सदर छायाचित्राचा वापर कोणत्याही माध्यमात, जगभर...’ जगभर? माझा हात?” मी म्हटलं, न्यू जर्सीला डबे जातात. “जाऊ देत. ‘... व कायमस्वरूपी करण्यास माझी संमती आहे.’ ” इथे त्या थांबल्या. माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘कायमस्वरूपी’वर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक, गोल, पासबुकातल्या अक्षरांत लिहिलं: ‘ही दिवाळी’. मग त्या दुरुस्तीच्या शेजारी एक छोटी सही केली आणि खाली एक पूर्ण.

“खाडाखोड केली की बाजूला सही लागते,” काकू म्हणाल्या. “पुढच्या वर्षी हवा असला तर परत विचारायला ये. येताना चेवडा आण, लीलो.”